सारख्या ताणाच्या सहा तारा

माझा दादा कुणाच्या घरी गेला की आधी खुर्ची दाबून बघतो, मग माणसाकडे बघतो. डॉक्टरकडे नेलं तरी तेच. डॉक्टरांनी त्याची नाडी धरायच्या आत त्याने त्यांच्या बाकाची नाडी धरलेली असते. "फोम बसलाय, वर नवं कापड घालून उपयोग नाही," असं तो सांगून मोकळा होतो, आणि मी कपाळाला हात लावते. त्याची धाकटी बहीण आहे मी. चारचौघांत लाज वाटायची तेवढी वाटून झाली, आता वाटत नाही.

आमचं सोफ्यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे रस्ता, मागे गोदाम, मधे आम्ही. दादा सांगाडे उघडतो, पट्टे ताणतो, स्प्रिंगा बांधतो. कव्हरं मी शिवते. खिडकीपाशी शिलाईची दोन मशीनं शेजारी शेजारी आहेत. डावीकडचं माझं. उजवीकडचं वहिनीचं, म्हणजे दादाच्या बायकोचं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या मशीनवर आम्ही दुसरं कुणी बसवलं नाही. जाणूनबुजून असं काही ठरवलं नव्हतं, पण कामाला माणूस विचारायला आला की दादाला एकाएकी आठवायचं की सध्या काम कमी आहे.

वहिनी शिवताना गुणगुणायची. एकच चाल, कायम तीच. शब्द नव्हते तिला. कुठलं गाणं म्हणून विचारलं तर वहिनी उलट आम्हालाच विचारायची, "मी गात होते?" तिला स्वतःला पत्ता नसायचा. आणि जी गोष्ट रोज कानावर पडते ती कोण जपून ठेवतं? तिचे फोटो ढीगभर आहेत, पण त्या चालीचं कुणी काही केलं नाही. ती गेल्यावर दुकानात माझं एकटीचं मशीन चालायला लागलं तेव्हा आमच्या लक्षात आलं.

गिटार आमच्याकडे एका सोफ्याबरोबर आली. एक गिऱ्हाईक गाव सोडून चाललं होतं, त्याने जुना सोफा आमच्या दारात उतरवला आणि वर गिटार ठेवली. म्हणाला, दोन्ही तुम्हालाच. तीन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजलेल्या. मी म्हटलं, भंगारात टाक. दादाने ती आठवडाभर भिंतीला टेकवून ठेवली, येता जाता तिच्याकडे बघितलं, आणि मग एका दुपारी जाऊन नव्या तारांचा संच घेऊन आला.

आता तारा कशा लावायच्या हे त्याला कोण सांगणार? त्याला विचारायची सवय नाही. सोफ्याच्या पोटात आडवेउभे पट्टे असतात, बसणाऱ्याचं सगळं वजन त्यांच्यावर. ते ताणायचे, ठोकायचे आणि अंगठ्याने एकेक दाबून बघायचं. अंगठ्याला सगळे सारखे लागले पाहिजेत, हे दादाच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य. त्याने गिटारच्या खुंट्या पिळल्या, सहाही तारा अंगठ्याने दाबल्या, सारख्या लागल्यावर थांबला आणि मला म्हणाला, "झाली." मला वाटतं, गिटार अशी कानाऐवजी अंगठ्याने लावणारा तो जगात एकटाच असेल.

वाजवायला मात्र तो मन लावून बसला. दुपारचं जेवण झालं की कापड काढलेल्या एखाद्या खुर्चीच्या सांगाड्यावर बसायचा, गिटार आधी अंगठ्याने तपासायचा आणि एकेक तार टोचत राहायचा. दादाची मुलगी ठकी दवाखान्यात स्वागताला असते, सुट्टीच्या दिवशी दुकानात डोकावते. तिने फोनवर शिकवणीचे व्हिडिओ लावून दिले. दादाने एक बघितला. त्यातला माणूस जिथे बोट ठेवत होता तिथे यानेही ठेवलं. त्याचा आवाज एक, याचा भलताच. दादाने शांतपणे फोन परत केला आणि सांगितलं की त्या माणसाची गिटार नीट लावलेली नाही.

सहा-सात महिने आम्ही टुणटुण ऐकली. मी तर कानात कापसाचे बोळे घालून शिवत होते. मग एका दुपारी मी पडद्याचं जाड कापड मशीनमधे घालत होते आणि माझा पाय आपोआप थांबला. ती वहिनीची चाल होती. अडखळत होती, मधेच चुकत होती, पण तीच होती. मी बोळे काढले. दादा माझ्याकडे बघत नव्हता, खाली तारांकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. गिटार शिकण्याची हौस वगैरे काही नव्हती त्याला. तो तिला शोधत होता.

तेव्हापासून दुपारची चाल हा दुकानाचा भाग झाला. गिऱ्हाईकं थांबून ऐकायची. एकच अडचण होती. चालीचे दोन भाग त्याला सापडले होते, पण ते एकमेकांना जुळत नव्हते. मधे काहीतरी राहतंय असं तो म्हणायचा. तिथे कधी दोन सूर घालायचा, कधी चार, कधी वरून खाली घसरत यायचा. मनासारखं होत नव्हतं. सांधा दिसतोय, म्हणायचा. सोफ्यात सांधा दिसला की त्याला झोप लागत नाही, तर इथे काय लागणार.

तेव्हा ठकीने शिकवणीचा विषय काढला. चौकात वह्यापुस्तकांच्या दुकानावर एक बाई गिटार शिकवतात, बाबांनी तिथे जावं. मधलं जे अडलंय ते त्या दोन दिवसांत सोडवतील. दादाने नकाराची मान हलवली. त्याचं म्हणणं साधं होतं. बाई पहिल्यांदा काय करतील? तारा सैल करतील आणि त्यांच्या पद्धतीने लावतील. त्याची बोटं या तारांवर या ताणात चाल शिकली होती. ताण गेला की चाल गेली. आणि ती एकदा गेली तर पुन्हा आणायला वहिनी कुठे आहे?

मी दादाच्या बाजूने उभी राहिले, आणि चांगली पदर खोचून उभी राहिले. मला मशीन कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. चार कव्हरं बिघडवली, पाचवं बसलं. शिकवणीला जाऊन या वयात पोरांच्या रांगेत बसायचं, कुणाकडून तरी बोट धरून घ्यायचं, हवंय कशाला? ठकी म्हणाली, आत्या, तुझं पाचवं कव्हर बसलं म्हणून बाबांचं बसेलच असं नाही. मी म्हटलं, तू दवाखान्यात पेशंटना बसवतेस, तिथेच बसव. आठ दिवस आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. तिने फक्त एवढं केलं की, अधूनमधून येऊन दादाचं वाजवणं फोनमधे भरून घेऊ लागली. मी मनात म्हटलं, घे बाई, निदान ते तरी बरं काम केलंस.

दादा मात्र डळमळला होता. तो सांधा त्याला खात होता. एकदा कापड आणायला म्हणून गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. त्या बाईंच्या जिन्यापर्यंत जाऊन आला होता. वर का गेला नाहीस विचारलं तर म्हणाला, जिन्याखाली बाक आहे, त्याचे पट्टे तुटलेत. जी बाई स्वतःच्या बाकाकडे बघत नाही ती माझ्या गिटारकडे काय बघणार. मी म्हटलं, बरोबर आहे. आम्ही दोघं असे एकमेकांना बरोबर म्हणत बसलो की जगात आमच्याइतकं शहाणं कुणी नसतं.

मग एका शनिवारी ठकी आली. आल्याआल्या तिने मशीन बंद करायला सांगितलं. कटिंगच्या टेबलावर फोन ठेवला आणि दादाला म्हणाली, फक्त ऐका, काही बोलू नका. फोनमधून चाल वाजली. दादाची, दोन-तीन महिन्यांपूर्वीची. आम्ही ऐकली. मग तिने दुसरी लावली, गेल्या महिन्यातली.

दुसरी चाल वेगळी होती.

फार नाही. सुरुवात तीच होती, जाणं-येणं तेच होतं, पण जिथे चढायला हवं तिथे ती तशीच सरळ जात होती, आणि एका जागी भलतीकडेच वळत होती. दादा म्हणाला, फोन बिघडलाय. ठकीने तिसरी लावली. ती आणखी वेगळी, आणि चिरकी. ही कधीची म्हणून मी विचारलं. तिने सांगितलं, तुम्ही सभागृहाच्या खुर्च्या करत होता त्या आठवड्यातली.

त्या खुर्च्या मला आठवतात. एका सभागृहाच्या सगळ्या रांगा आमच्याकडे आल्या होत्या. दादा दिवसभर पट्टे ओढत होता. हात भरून आले तरी ओढत होता.

मी दादाकडे बघितलं आणि मला दिसलं की त्याला कळलंय. आमच्या धंद्यात एक नियम आहे, आणि मला तो दादानेच शिकवला. दिवसभर पट्टे ओढलेल्या हाताने पट्टे तपासायचे नाहीत. दमलेल्या अंगठ्याला घट्ट पट्टाही सैल लागतो, मग माणूस तो आणखी ओढतो आणि सांगाडाच वाकवून ठेवतो. तपासायचं ते सकाळी, हात ताजा असताना. दादाने आयुष्यात एकाही सोफ्याच्या बाबतीत हा नियम मोडला नाही. आणि गिटार मात्र तो रोज सकाळभर राबल्यावर, जेवण झाल्यावर, त्याच दमलेल्या अंगठ्याने लावत होता. जसं काम, तसा ताण. जसा ताण, तशी चाल. आणि रोज थोडी थोडी बदलत असल्यामुळे तिघांपैकी दोघांना पत्ता नव्हता.

दादा बराच वेळ टेबलावरचा खडू इकडून तिकडे सरकवत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी समजत होतो, मी तिला धरून ठेवलंय. आणि ती माझ्याच हातून रोज थोडी थोडी निघून चाललीय."

ठकीने जिंकल्यासारखा चेहरा केला नाही. ते मात्र मला आवडलं. मी असते तर केला असता. दादाने गिटार उचलली, तिच्यावर एक जुनं कव्हर चढवलं आणि म्हणाला, चला. मी विचारलं, आत्ता? तो म्हणाला, अजून एक दिवस गेला तर आणखी थोडी जाईल. आम्ही दुकानाला कुलूप घातलं आणि तिघं चौकाकडे निघालो.

बाई ठकीच्याच वयाच्या निघाल्या. केस आखूड, बाह्या वर सारलेल्या. खोली लहान, भिंतीला चार गिटारी टांगलेल्या, रस्त्याकडची खिडकी बंद. दादाने बसायच्या आधी स्टूल दाबून बघितलं. बाईंनी ते बघितलं आणि काही विचारलं नाही. ठकीने सगळं सांगितलं, चाल, आई, अंगठा, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गिटार मागितली, तारा एकेक छेडल्या आणि म्हणाल्या की दोन तारा जवळजवळ बरोबर आहेत, बाकीच्या चार आपापल्या मनाच्या राण्या आहेत. गिटारच्या डोक्याला त्यांनी एक छोटा चिमटा लावला. त्यावर हिरवा दिवा लागेपर्यंत खुंटी पिळायची, म्हणजे सूर रोज तोच येतो, हात दमलेला असो की ताजा. हे ऐकल्यावर दादाने तो चिमटा काढून उलटसुलट करून बघितला. त्याला आवडला. असा चिमटा पट्ट्यांसाठी मिळतो का, असंही त्याने विचारलं.

मग बाईंनी सहाही तारा हिरव्या दिव्यावर लावल्या आणि म्हणाल्या, आता वाजवा. दादाने नेहमीच्या जागी बोटं ठेवली आणि वाजवायला सुरुवात केली. जे निघालं ते काहीच नव्हतं. मोडकंतोडकं. त्याने पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. त्याचा चेहरा उतरला. ज्याची भीती होती तेच डोळ्यांसमोर झालं होतं. बोटांतून चाल गेली होती, आणि आता जुन्या ताणावरही परत जाता येत नव्हतं, कारण जुना ताण असा कधी एक नव्हताच.

"काका, बोटं सोडा," बाई म्हणाल्या. "गुणगुणून दाखवा, मी शोधते."

दादाला गळा नाही. तो गुणगुणला तर स्प्रिंग करकरल्यासारखं वाटतं, हे त्यालाही माहीत आहे. त्याने ठकीकडे बघितलं. ठकीने डोळे मिटून चाल म्हटली, आणि अर्ध्यातच दादा नाही म्हणून मान हलवायला लागला. ती फोनमधली चाल होती. इतक्या वेळा ऐकून पोरीच्या डोक्यात आईऐवजी बाबांची गिटार बसली होती. ठकीलाही ते कळलं. ती मधेच थांबली आणि खिडकीकडे बघायला लागली.

राहिले मी. मी गाते तेव्हा लोक विषय बदलतात. पण वहिनीच्या शेजारी मी इतकी वर्षं बसले, की माझ्या कानाला नाही तरी अंगाला ते ठाऊक असणार, असं मला वाटलं. पहिल्यांदा म्हटलं तर मीही फोनच्याच वाटेने गेले. मग मी खुर्ची पुढे ओढली, हात मांडीवर असे ठेवले, जसं कापड धरतात, आणि उजवा पाय मशीनच्या पायडलवर ठेवल्यासारखा दाबला. पाय चालायला लागला. आणि चाल आली. सरळ आली, कुठेही न वळता, माझ्या घोगऱ्या आवाजात का होईना. मी म्हणत गेले, म्हणत गेले आणि थांबले. पायही थांबला. मग पुन्हा पाय दाबला आणि पुढची म्हटली.

बाईंनी विचारलं, "मधे थांबलात. तिथलं आठवत नाही का?"

"तिथं काही नाहीच," मी म्हटलं. "तिथं ती दोरा तोडायची."

उशीची एक बाजू शिवून झाली की तिची अर्धी चाल संपायची. मग कापड बाहेर ओढायचं, नायलॉनचा जाड दोरा दातांत धरून तोडायचा, कापड वळवायचं, आणि दुसऱ्या बाजूला उरलेली अर्धी. शेजारी कात्री असायची, मी दर वेळी ओरडायचे की दात पडतील. दातांत दोरा असताना कोण गुणगुणेल? त्या दोन भागांच्या मधे काही राहिलंच नव्हतं. दादा इतके महिने जिथे सूर ठोकत होता तिथे वहिनी गप्प होती.

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याला इतकी वर्षं मागच्या बाजूला सांगाड्यांत डोकं घालून ती चाल ऐकू यायची. दोरा तुटताना त्याने कधी बघितलाच नव्हता. तो मला म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तू विचारलंस कधी? आम्ही दोघंही कुणालाच काही विचारत नाही, त्याला मी तरी काय करू.

बाईंना चाल सापडायला वेळ लागला नाही. दोनच तारांवर होती ती, मधल्या. त्यांनी दादाची बोटं एकेक करून जागेवर ठेवली, आणि दादाने ठेवू दिली. मला वाटलं होतं, कुणीतरी बोट धरून शिकवतंय हे बघवणार नाही. बघवलं. बाई सांगत होत्या तिथे तो बोट न्यायचा, चुकलं की परत न्यायचा, त्याच्या कपाळावर घाम आला होता. पहिला भाग आला. मग तो थांबला. पूर्ण थांबला, दोरा तुटेल इतका वेळ. आणि मग दुसरा भाग.

ठकीने माझा हात धरला होता आणि तो दुखेपर्यंत दाबत होती. वहिनी गेल्यापासून त्या दोघांना एकत्र रडताना मी बघितलं नव्हतं. त्या दिवशीही रडले नाहीत. दादाने ती पुन्हा वाजवली, ठकी हळू आवाजात बरोबर म्हणायला लागली, आणि मधे जिथे थांबायचं तिथे दोघं एकदम थांबले. मला त्या थांबण्याने जे झालं ते सांगता येत नाही. दोन वर्षं जे शेजारचं मशीन मुकं होतं, ते मला त्या गप्प राहण्यात ऐकू आलं.

बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, काका, तुम्ही ज्यासाठी आलात ते आजच झालं. रोज हिरवा दिवा बघून तारा लावा, ही चाल आता कुठे जायची नाही. एवढ्याचसाठी शिकवणी लावायची गरज नाही. मी म्हटलं, बघा, मी पहिल्यापासून हेच सांगत होते. आणि पिशवी उचलून उभी राहिले. दुकान उघडायचं होतं, एक आरामखुर्ची संध्याकाळी द्यायची होती. ठकीही उठली.

दादा बसलेलाच होता. गिटार मांडीवर, डावा हात अजून तारांवर. बोटांच्या टोकांवर तारांचे वळ उठले होते, ते तो अंगठ्याने एकेक चाचपून बघत होता.

"हे तिचं झालं," तो बाईंना म्हणाला. "आता मला वाजवायला शिकवा. पहिल्यापासून."

मी पिशवी खाली ठेवली आणि परत बसले.